चाळीतल्या दोन खोल्यांचं म्युझियम: रहिवाशांनी जुनी इमारत जपायची तर सुरुवात कुठून करायची

गिरगाव घ्या, लालबाग-परळ घ्या, माझगाव घ्या, जुनी इमारत पाडायचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं की अरे इथे म्युझियम व्हायला पाहिजे. मग व्हॉट्सअॅप ग्रुप होतो, जुने फोटो पडायला लागतात, सगळे भावुक होतात, आणि पुढच्या महिन्यात ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग उरतं. याचं कारण म्हणजे आपण सुरुवात वस्तूंपासून करतो. म्युझियम म्हटलं की काचेची कपाटं डोळ्यासमोर येतात, पण कपाटं हे या कामातलं जवळजवळ शेवटचं काम आहे. आधी कागद, मग माणसं, मग छप्पर, मग वस्तू, हा क्रम धरला तरच काम टिकतं. खाली सगळं त्याच क्रमाने लिहिलंय.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. अख्खी इमारत म्युझियम करायचा हट्ट धरू नका. शेजारशेजारच्या दोन खोल्या, समोरचा व्हरांडा आणि जिना एवढं नीट जपलं तरी भरपूर आहे. न्यूयॉर्कला ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट नावाचा पत्ता आहे, १८६३ साली बांधलेली कामगार कुटुंबांची भाड्याची इमारत, म्हणजे त्यांची चाळच. १९८८ मध्ये तिथे टेनेमेंट म्युझियम सुरू झालं आणि ते राजामहाराजांची गोष्ट सांगत नाहीत, त्या खोल्यांमध्ये खरोखर राहिलेल्या कुटुंबांची सांगतात. आपल्याकडे गावदेवीचं मणिभवन बघा, १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरायचे, साधं घर आहे, पण वरच्या मजल्यावरची चरखा ठेवलेली ती खोली बघून माणूस गप्प होतो. जागा लहान असली तरी चालते, गोष्ट खरी लागते.

कागद काढा, सगळे

इमारत कोणाची आहे? ऐकायला सोपा प्रश्न वाटतो, मुंबईत तो सगळ्यात अवघड आहे. खासगी मालक आणि पागडीचे (म्हणजे आधी मोठी रक्कम देऊन भाड्याचा हक्क घेतलेले) भाडेकरू, धर्मादाय ट्रस्ट, महापालिका, म्हाडा म्हणजे राज्याचं गृहनिर्माण मंडळ, बीडीडीच्या ब्रिटिशकालीन चाळींसारखी सरकारी मालकी, प्रत्येक ठिकाणी परवानगी मागायचा दरवाजा वेगळा. जमिनीचा सरकारी भूमापन क्रमांक, म्हणजे शहरात सीएस नंबर आणि उपनगरात सीटीएस नंबर, शोधा, त्यावरून मालमत्ता पत्रक म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढा. सोबत मालमत्ता कराचं बिल, जुन्या भाडेपावत्या, पाणी आणि लाइटची जुनी बिलं, जे मिळेल ते एका फाइलमध्ये लावा. इमारत उपकरप्राप्त म्हणजे दुरुस्तीसाठी सेस भरणारी असेल तर तिची कॅटेगरी बघा, १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या इमारती 'अ' मध्ये येतात आणि दुरुस्ती, पुनर्विकास सगळ्याचे नियम त्यावर ठरतात.

मग हेरिटेज यादी. मुंबईत १९९५ पासून हेरिटेज नियमावली आहे, देशात असं करणारं हे पहिलं शहर, आणि आता तो विषय डीसीपीआर २०३४ म्हणजे शहराच्या विकास नियमावलीच्या नियम ५२ मध्ये येतो. इमारतींना ग्रेड एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन असे दर्जे आहेत, शिवाय काही अख्खे परिसर हेरिटेज प्रिसिंक्ट म्हणून नोंदवलेत. साधारण असं समजा की ग्रेड एकला आतबाहेर हात लावणं खूप कठीण, ग्रेड दोनमध्ये बाहेरचं रूप राखून आतला वापर बदलायला वाव असतो, ग्रेड तीनमध्ये अजून थोडी मोकळीक असते. तुमची इमारत यादीत नसेल तर तिचं नाव घालावं म्हणून महापालिकेकडे आणि हेरिटेज समितीकडे अर्ज करता येतो, पण नुसतं 'खूप जुनी आहे' लिहून काही होत नाही. कधी बांधली, कोणी बांधली, इथे काय घडलं, बांधकामात वेगळं काय आहे, हे पुराव्यासकट द्यावं लागतं. पुरावे शोधायला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आहे, दादरला १८९८ साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, आणि तुमच्याच गणेशोत्सव मंडळाच्या जुन्या स्मरणिका आहेत. स्मरणिकांना कमी समजू नका, त्यातल्या जाहिरातींवरून त्या वर्षी नाक्यावर कुठली दुकानं होती ते कळतं आणि देणगीदारांच्या यादीवरून कोण कुठल्या खोलीत राहत होतं तेही.

तिसरा कागद म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट. तीस वर्षांवरच्या इमारतीला ते तसंही कायद्याने करावंच लागतं. महापालिका इमारतींना सी-१, सी-२अ, सी-२ब, सी-३ अशा वर्गात टाकते आणि सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. इथे इंजिनीअर कोण निवडता याला फार महत्त्व आहे, ज्याने जन्मभर फक्त आरसीसीची म्हणजे सिमेंट-सळ्यांच्या काँक्रीटची कामं केली त्याला सागवानी खांब, तुळया आणि चुन्याच्या भिंती कशा भार घेतात याचा अंदाज नसतो आणि तो सरळ पाडा म्हणून लिहून देतो. जुन्या बांधकामात काम केलेला माणूस शोधा. दोन रिपोर्ट एकमेकांच्या विरुद्ध आले तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. पण जाणकार माणसाने इमारत खरंच धोकादायक आहे असं सांगितलं तर आधी माणसं बाहेर काढा, म्युझियमचं नंतर बघू. आपल्या शहरात पावसाळ्यात इमारती कोसळून किती माणसं गेलीत ते सगळ्यांनी बघितलंय, त्यापुढे कुठलाही वारसा मोठा नाही.

पुनर्विकासाशी भांडण लावून घेऊ नका

यावर थोडं जास्त लिहितो कारण बहुतेक प्रयत्न इथेच फुटतात. बीडीडीची खोली १६० चौरस फुटांची, संडास सार्वजनिक, पाण्याची वेळ ठरलेली, अशा जागेत तीन पिढ्या काढलेल्या बाईला तुम्ही वारसा वारसा करत राहिलात तर ती म्हणणार की मग तूच ये राहायला, आणि तिचं बरोबर आहे. म्युझियम हवं म्हणणारे आणि स्वतःचं संडास असलेलं घर हवं म्हणणारे हे दोन गट झाले की काम संपलं. म्हणून पहिल्या मीटिंगलाच स्पष्ट सांगा की कोणाचंही घर अडवायचं नाहीये.

इमारत राहणार असेल तर उत्तम. राहणार नसेल तरी काम संपत नाही. बिल्डरशी डेव्हलपमेंट अॅग्रीमेंट होण्याआधी सोसायटीच्या ठरावात आणि मग अॅग्रीमेंटमध्ये म्युझियमची जागा लिहून घ्या: किती चौरस फूट कार्पेट, कुठल्या मजल्यावर (तळमजला मागा, म्हाताऱ्या माणसांना तोच बरा), मालकी कोणाची, मेंटेनन्स कोण भरणार, ताबा कधी. तोंडी 'देऊ की एक रूम' याला काही अर्थ नाही. जुन्या इमारतीचं काय काय काढून जपायचं त्याची यादी अॅग्रीमेंटला जोडा: जिन्याचा कठडा, एक संपूर्ण दरवाजा चौकटीसकट, कोरीव खांब, मंगलोरी कौलं, फरशीचे नमुने, खोल्यांच्या नंबरांच्या पाट्या, कोनशिला. आणि पाडकामाच्या आधी पूर्ण इमारतीची मोजमापं घेऊन नकाशे काढून घ्या, जेजे आर्किटेक्चरसारख्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना भेटा, विद्यार्थ्यांना अशी कामं शिकायला हवीच असतात. एक खोली सामानासकट, भिंतीवरच्या खिळ्यांसकट, देवघर कुठे, मोरी कुठे, माळ्यावर काय, सगळं मोजून आणि फोटो काढून ठेवलं तर पुढे ती जशीच्या तशी उभी करता येते.

केपटाउनचं डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम मला इथे नेहमी आठवतं. वर्णभेदी सरकारने तिथली अख्खी वस्ती उठवली आणि घरं पाडली. १९९४ मध्ये एका जुन्या चर्चमध्ये म्युझियम उघडलं आणि जमिनीवर त्या वस्तीचा मोठा नकाशा अंथरला, जुने रहिवासी येऊन आपलं घर कुठे होतं तिथे नाव लिहून गेले. आपल्याकडे चाळी तुटून माणसं विरार, डोंबिवली, बदलापूरला गेली, त्यांनाही असा नकाशा मिळायला हवा.

संस्था बांधा

मंडळाच्या नावावर पैसे गोळा करून चालणार नाही. किमान सात जण घेऊन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवा आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करा. मग पॅन, दोन सह्यांचं बँक खातं, आणि आयकर खात्याकडच्या संस्थेच्या करमाफीच्या आणि देणगीदाराला सवलत देणाऱ्या नोंदण्या (१२अ आणि ८०जी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या), ज्याशिवाय मोठा देणगीदार पुढे येत नाही. कमिटीत फक्त निवृत्त काका लोक नकोत. बायका हव्यात, खालचा दुकानदार हवा, भाड्याने राहणारा हवा, इमारत सोडून गेलेल्यांपैकी कोणी हवं आणि तिशीच्या आतले दोघं तरी हवेतच, कारण हे काम वीस-पंचवीस वर्षं चालवायचं आहे.

जागेचा हक्क नोंदणीकृत करारानेच घ्या. मालक आज चांगला आहे म्हणून तोंडी चालवलं तर उद्या त्याची मुलं ओळख दाखवणार नाहीत. इमारत एखाद्या ट्रस्टची असेल तर लक्षात ठेवा, तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीची लीज द्यायला त्यांना कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते, तो वेळ धरून चाला.

आधी पाणी थांबवा

मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुन्या इमारतीचा मोठा शत्रू तोच. पैसे आले की लोक आधी रंग काढतात, असं करू नका. क्रम असा ठेवा: छप्पर, पन्हाळी, भिंतीवरून उतरणारे पाइप, संडास-मोरीची गळती, भिंतीत उगवलेले पिंपळ-वड, त्यानंतर भिंती, लाकूड, वायरिंग, आणि सगळ्यात शेवटी रंग. पिंपळ नुसता छाटला तर दुप्पट जोमाने येतो, मूळ मारावं लागतं, आणि मूळ खोल गेलं असेल तर तेवढी भिंत सोडवून परत बांधावी लागते.

आता सिमेंट. हे नीट समजून घ्या कारण कॉन्ट्रॅक्टर इथेच घोळ घालतात. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात, त्या ओल शोषतात आणि बाहेर सोडतात. वरून सिमेंटचा गिलावा मारला की ओल बाहेर पडायचा रस्ता बंद होतो, पाणी आतच राहतं, विटा भुसभुशीत होतात, भिंतीत गाडलेल्या तुळयांची टोकं कुजतात, आणि तीन-चार पावसाळ्यांत तो गिलावाच पापुद्र्यासारखा सुटतो. ऑइल पेंटचंही तेच. म्हणून चुन्याच्या भिंतीला चुनाच लावायचा. चुनकळी पाण्यात विरवून बरेच दिवस भिजत ठेवायची, मग रेती आणि विटांची सुरखी मिसळायची, जुने कारागीर त्यात गूळ, बेलफळ, हिरडा असं घालायचे. असं काम येणारे गवंडी अजून आहेत, फक्त ते स्वस्त नाहीत आणि घाई करत नाहीत. एक चौरस मीटरचा नमुना आधी करून घ्या, एक पावसाळा जाऊ द्या, मग पुढचं काम द्या.

लाकडाचंही तसंच. खांबाचा पाया कुजला म्हणून अख्खा बर्मा सागवानी खांब काढून लोखंडी गर्डर घालतात, हे बघवत नाही. कुजलेला भाग कापून तेवढाच नवा सागवानी जोड बसवता येतो, चांगला सुतार हे करतो. वाळवी कुठून येते तो मार्ग शोधा, नुसतं औषध फवारून ती शेजारच्या भिंतीत जाते. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ चं, एके काळी त्याची अवस्था वाईट होती, महापालिका, वारसा जतन करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून ते सावरलं, २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं. तिथे एकदा कमिटीने मिळून जाच, छत, रंगकाम, लोखंडी खांब बघा, मूळ काम आणि त्याची निगा म्हणजे काय ते बघितल्यावर कॉन्ट्रॅक्टरशी बोलायला शब्द सापडतात.

वायरिंग पूर्ण नवीन करा, यात काटकसर नाही. २०१६ मध्ये दिल्लीचं नॅशनल म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी जळालं, २०१८ मध्ये ब्राझीलचं नॅशनल म्युझियम जळालं, दोन्हीकडे जे गेलं ते कुठल्याही पैशाने परत येणार नाही. आपल्या जिन्यांमध्ये तर जुनी कपाटं, सायकली, रद्दी, सगळं ठेवलेलं असतं. जिना रिकामा, जादा भार किंवा गळती झाली की वीज तोडणारे एमसीबी आणि ईएलसीबी बसवलेले, अग्निशामक सिलिंडर भरलेले, आणि ते चालवता येणारी चार माणसं, एवढं झाल्याशिवाय एकही वस्तू आत आणू नका.

वस्तू: कमी घ्या, नीट घ्या

जाहीर केलंत की वस्तू द्या, तर लोक माळा रिकामा करतील आणि तुमच्याकडे तांब्याचे बंब आणि पाटे-वरवंटे एवढेच जमतील. आधी ठरवा की तुमची गोष्ट कुठली. गिरणगावातली चाळ असेल तर गिरणीचा पास, बिल्ला, खानावळीचं कार्ड, पाळीचं वेळापत्रक, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाची पत्रकं. गिरगावातली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती आहे, नाटकांची हँडबिलं आहेत, वाचनालयं आहेत.

प्रत्येक वस्तू आली की तिथल्या तिथे रजिस्टरमध्ये नोंद: नंबर, तारीख, काय आहे, मोजमाप, अवस्था, कोणी दिली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोण वापरायचं आणि कशासाठी. या शेवटच्या नोंदीशिवाय वस्तू मुकी राहते. कायमची दिली असेल तर दानपत्र, तात्पुरती असेल तर परत करायच्या तारखेसकट करार, दोन्हींवर सही. पुढच्या पिढीत भावाभावांत वाद होतात तेव्हा हाच कागद तुम्हाला वाचवतो. शंभर वर्षांवरची मूर्ती किंवा चित्र, किंवा पंचाहत्तर वर्षांवरचं हस्तलिखित आलं तर १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो, पुरातत्त्व खात्याकडे नोंदणीचं विचारून घ्या.

सांभाळायचे नियम थोडक्यात. पितळ चिंच लावून चकाचक करू नका, वापराच्या खुणा पुसल्या जातात. कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप, स्टेपल, रबरबँड काहीच नको. कागदावर नंबर मऊ पेन्सिलने मागच्या बाजूला, कपड्यावर शिवलेल्या नाडीवर. स्टीलचं कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, नाहीतर पावसाळ्यात मागून ओल येते. कपड्यांवर आणि कागदावर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपास, म्हणजे मंदच, आणि फोटो-पत्रं यांच्या चांगल्या प्रती लावून मूळ आत ठेवलेलं बरं. एसी दिवसा चालू, रात्री बंद असं करण्यापेक्षा पंखा आणि हवा खेळती ठेवा, हवेतला दमटपणा सारखा वर-खाली झाला की लाकूड चिरतं, चित्रांचा रंग सुटतो. अवघड वस्तू असेल तर स्वतः प्रयोग न करता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्रात विचारा.

आवाज रेकॉर्ड करा, आजच

वस्तू थांबतील, माणसं थांबणार नाहीत. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांची आजी असेल तर छप्पर होईपर्यंत वाट बघू नका, हे एकच काम क्रम मोडून आधी करा. मोबाइल पुरतो, कॉलरला लावायचा साधा माइक घ्या, पंखा बंद करा, कुकर उतरवायला सांगा. 'तुमच्या काळी कसं होतं' असं विचारलं की ठरावीक उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा की नळ किती वाजता यायचा, रांगेत पहिलं कोण असायचं, बाळंतपण कुठे झालं, रात्रपाळीवाला माणूस दिवसा कुठे झोपायचा, संपात घर कसं चाललं, मंगळसूत्र गहाण पडलं का. मालवणी बोलत असतील तर मालवणीतच लिहा, घाटावरची बोली, तेलुगू, उर्दू, जे असेल ते तसंच ठेवा, प्रमाण मराठीत सारवू नका.

संमती लेखी घ्या आणि काय जाहीर करायचं, काय दहा वर्षं बंद ठेवायचं हे त्यांनाच ठरवू द्या. जातीवरून कोणाला कुठे पाणी मिळालं नाही, ९२-९३ च्या दंगलीत कोणी कोणाला लपवलं, या गोष्टी म्युझियममध्ये यायला हव्यातच, गोडगोड चाळसंस्कृती दाखवून अर्धी माणसं वगळली तर ते काम खोटं आहे. पण बोलणाऱ्याला त्याच मजल्यावर राहायचं असतं हे विसरू नका.

चालवायचं कसं

रोज उघडणं झेपत नाही. दर रविवारी चार तास, आणि गणपतीत सगळे दिवस, कारण तेव्हा सोडून गेलेली माणसं आपणहून परत येतात, त्यांच्याकडून फोटोतली नावं लिहून घ्यायला यापेक्षा चांगली वेळ नाही. लोक अजून राहत असतील तर पाहुण्यांसाठी नियम लावा: एका वेळी दहा-बारा जण, व्हरांड्यात वाळत घातलेल्या कपड्यांचे आणि उघड्या दारांचे फोटो काढायचे नाहीत, दुपारी दोन ते चार शांतता.

पैशासाठी आधी रहिवाशांची छोटी मासिक वर्गणी, कितीही कमी असो, कारण त्याने आपलेपणा राहतो. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत वारसा आणि ऐतिहासिक इमारतींचं जतन सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चात, बसतं, तेव्हा नकाशे, ऑडिट आणि खर्चाचा अंदाज घेऊन कंपन्यांकडे जाता येतं, शिवाय केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची संग्रहालयांसाठी अनुदान योजना आहे. मोठ्या रकमेच्या बदल्यात कोणी प्रवेशद्वारावर आपलं नाव किंवा नेत्याचा फोटो मागितला तर नाही म्हणा. आणि लोकांच्या दबावाने सगळं होत नसलं तरी खूप होतं: ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यामागे तिथल्या रहिवासी संघटनांनी कित्येक वर्षं चिकाटीने केलेलं काम होतं.

दरवर्षी दोन कामं ठरलेली ठेवा. एप्रिलमध्ये पन्हाळी साफ करून छपरावर चढून प्रत्येक कौल बघायचं, आणि दिवाळीनंतर रजिस्टर घेऊन प्रत्येक वस्तू नंबराप्रमाणे मोजायची, कसर, बुरशी, गंज तपासायचा. रजिस्टरच्या आणि रेकॉर्डिंगच्या तीन प्रती तीन वेगळ्या पत्त्यांवर असू द्या, त्यातली एक मुंबईबाहेर, आणि किल्ली दोघांकडे.